पांढरं पान आणि ओळ क्रमांक शून्य: पीएचपीची एरर वाचायची कशी

रात्री साडेदहाला फोन किणकिणतो. "सर, पेज येईनाच की ओ. काय करू?" खाली एक फोटो. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, मोबाइलनं काढलेला, तिरका. वर ट्यूबलाइटचा पट्टा चमकतोय, आणि एररची पहिली ओळ नेमकी फोटोच्या बाहेर राहिलेली.

सांगलीत विश्रामबागेत मी पीएचपी, म्हणजे वेबसाइट मागून चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा, शिकवतो, आणि उरलेल्या वेळात मार्केट यार्डातल्या अडत दुकानांची बारीकसारीक कामं करून देतो. तासगाव, जत, कवठेमहांकाळहून एसटीनं येणारी पोरंपोरी असतात. फॉर्म आणि डेटाबेस शिकवायला घेतला की त्या आठवड्यापासून हे फोटो सुरू होतात. प्रश्न फिरून फिरून तेच, उत्तरंही तीच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. मेसेज स्क्रीनवर इंग्रजीत येतात, मी इथं ते उच्चाराप्रमाणे लिहिलेत. तोंडानं मोठ्यानं वाचून बघा, ओळखू येतील.

आधी बघा, पान सर्व्हरपर्यंत गेलंय का

ब्राउझरच्या पट्टीत पत्ता 'फाइल' या शब्दानं सुरू होत असेल, तर तुम्ही फाइलवर डबल क्लिक केलंय. मग तुमच्या पीएचपीला कुणी हातच लावलेला नाही. ब्राउझरला पीएचपी कळत नाही. सर्व्हरनं ते चालवून तयार झालेलं एचटीएमएल त्याच्या हातात द्यावं लागतं. फाइल झॅम्पच्या (आपल्याच कॉम्प्युटरवर सर्व्हर आणि डेटाबेस चालवणारं पॅकेज) एचटीडॉक्स फोल्डरमध्ये टाका, आणि पत्ता 'लोकलहोस्ट'नं सुरू करा.

पट्टीत लोकलहोस्ट आहे, पण 'रिफ्यूज्ड टू कनेक्ट' येतंय? अपाची, म्हणजे झॅम्पमधला वेब सर्व्हर, सुरूच नाही. झॅम्पच्या पॅनलवर स्टार्ट दाबूनही तो लाल होऊन बंद पडत असेल, तर बहुतेक वेळा ८० नंबरचा पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलेला असतो. विंडोजवर बऱ्याचदा तो आयआयएस, म्हणजे विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर, निघतो. त्याला बंद करा, नाहीतर अपाचीला ८०८० पोर्ट द्या.

४०४ आलं तर सर्व्हर जिवंत आहे, फक्त त्या नावाची फाइल त्याला सापडलेली नाही. इथं नोटपॅडची एक जुनी खोड आहे. तुम्ही 'इंडेक्स डॉट पीएचपी' नावानं सेव्ह केलं असं वाटतं, प्रत्यक्षात मागं 'डॉट टीएक्सटी' चिकटलेलं असतं, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायचं सेटिंग आजच चालू करून टाका.

पान पांढरं पडलंय

हे सगळ्यात जास्त येतं. ना मेसेज, ना अक्षर. पोरांना वाटतं काहीच झालेलं नाही. झालेलं असतं बरंच काही, फक्त दाखवायचं नाही असं पीएचपीला सांगून ठेवलेलं असतं.

पीएचपीसोबत सेटिंगच्या दोन नमुना फाइली येतात, एक डेव्हलपमेंटची आणि एक प्रॉडक्शनची. पहिलीत 'डिस्प्ले एरर्स' चालू असतं, दुसरीत बंद. शिकताना ते चालूच हवं. त्यासाठी पीएचपी डॉट आयएनआय ही फाइल उघडायची, 'डिस्प्ले एरर्स' ऑन करायचं, 'एरर रिपोर्टिंग'ला ई-ऑल द्यायचं, आणि अपाची बंद करून परत चालू करायचा. हे बंद-चालू दहापैकी निम्मी पोरं विसरतात आणि म्हणतात, सर, काही फरकच पडेना.

दुसरी चूक म्हणजे भलतीच फाइल बदलणं. एका कॉम्प्युटरवर अशा दोन-तीन आयएनआय फाइली सहज सापडतात. पीएचपीइन्फो हे फंक्शन एका कोऱ्या पानात चालवा, वरच 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' असं लिहिलेलं दिसेल. त्यापुढं जो पत्ता आहे तीच खरी. बाकीच्या कितीही बदला, उपयोग नाही.

नेटवर बघून पोरं फाइलच्या डोक्यावर आयएनआय-सेटची ओळ टाकतात, 'डिस्प्ले एरर्स' त्यातूनच चालू करतात, आणि तरी पान पांढरंच. ती ओळ चालायला आधी फाइल चालली पाहिजे ना! त्याच फाइलमध्ये व्याकरणाची चूक असेल, एखादा कंस मिटवायचा राहिला असेल, तर पीएचपी ती फाइल चालवायला घेतच नाही. तुमची पहिली ओळसुद्धा नाही. अशी व्याकरणाची चूक, म्हणजे पार्स एरर, दिसायची असेल तर सेटिंग आयएनआयमध्येच करावं लागतं.

आयएनआय बरोबर आहे आणि तरी पांढरं? मग कंट्रोल आणि यू दाबून पानाचा सोर्स बघा. तिथं तुमचा कोड जसाच्या तसा पडलेला दिसला तर सुरुवातीला <? एवढंच लिहिलंय, पुढचा 'पीएचपी' शब्द राहिलाय. सर्व्हर त्याला साधा मजकूर समजून तसाच पाठवतो आणि ब्राउझर पहिल्या > चिन्हापर्यंतचं सगळं गिळून टाकतो. मागच्या बॅचमध्ये एकानं यावर अख्खी दुपार घालवली. बिचारा कोडच्या आत चूक शोधत होता.

होस्टिंगवर, म्हणजे साइट जगाला दिसते त्या भाड्याच्या सर्व्हरवर, मात्र हे सेटिंग चालू ठेवू नका. हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, करून बसलोय म्हणून सांगतोय. एका अडत्याच्या हळद आवकेच्या पानावर रात्री चूक शोधायला मी एरर दाखवणं चालू केलं, चूक सापडली, झोपलो. सकाळी सौद्याच्या वेळेला डेटाबेस दमला आणि पानभर मेसेज आला. आत सर्व्हरवरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, डेटाबेसच्या युजरचं नाव. दुकानदारानं फोटो पाठवून विचारलं, "हे काय नवीन घातलंय?" मी तसाच उठून आधी पासवर्ड बदलला. पीएचपीच्या जुन्या व्हर्जनवर पीडीओचं (डेटाबेसला जोडायची पीएचपीची एक पद्धत) कनेक्शन जुळलं नाही तर चुकीचा माग दाखवणाऱ्या ट्रेसमध्ये पासवर्डसुद्धा छापला जाऊ शकतो. थोडक्यात निभावलं.

होस्टिंगवर 'डिस्प्ले एरर्स' बंद, 'लॉग एरर्स' चालू. मेसेज मग फाइलमध्ये जातात. शेअर्ड होस्टिंगवर त्याच फोल्डरमध्ये बहुधा 'एरर लॉग' नावाची फाइल तयार होते, झॅम्पवर अपाचीच्या लॉग्स फोल्डरमध्ये. शेवटून वाचा, ताजी चूक तळाला असते. ५०० (सर्व्हरच्या आतच चूक) येतंय आणि लॉगमध्ये पीएचपीचं अवाक्षर नाही, असंही होतं. तेव्हा अपाचीच्या सूचना ठेवणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलवर संशय घ्या. तिचं नाव तात्पुरतं बदला आणि पान परत उघडा. आलं, तर दोष पीएचपीचा नव्हताच.

मेसेजमध्ये चार गोष्टी असतात

प्रकार, काय झालं, कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर. बस. पण पोरं लाल-काळी अक्षरं दिसली की घाबरून टॅबच बंद करतात.

प्रकाराचं सांगलीकरांना वेगळं समजवावं लागत नाही. पावसाळ्यात आपण सगळे आयर्विन पुलाची पातळी बघतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. चाळीसला कुणी घर सोडत नाही, पण खालच्या मजल्यावरचं सामान वर न्यायला लागतो. पीएचपीचं तसंच. नोटीस आणि डेप्रिकेटेड म्हणजे नदी वाढतीय एवढंच. वॉर्निंग म्हणजे इशारा. पान पुढं चालतं, पण काहीतरी उणं राहिलेलं असतं. फेटल एरर आली की तिथून पुढचं सगळं थांबलं. आणि पार्स एरर म्हणजे पाणी चढायच्या आधीच पूल बंद, कारण फाइल सुरूच झालेली नाही.

वॉर्निंगकडं काणाडोळा करू नका. २०२० मध्ये पीएचपी ८ आली तेव्हा आधी नुसती नोटीस असलेल्या बऱ्याच गोष्टी वॉर्निंग झाल्या. न भरलेलं व्हेरिएबल वापरलं तर पूर्वी नोटीस यायची, आता वॉर्निंग येते. शून्यानं भागलं तर पूर्वी वॉर्निंग देऊन गाडी पुढं जायची, आता पान थांबतं. वर्षानुवर्षं नोटीस झाकून ठेवलेला जुना कोड नव्या व्हर्जनवर टाकला की म्हणूनच बोंब होते.

ओळ दाखवते ती जागा आणि खरी जागा

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. मेसेज म्हणतो ओळ १३. पोरगं तेराव्या ओळीकडं अर्धा तास टक लावून बघतं. तेरावी ओळ तर बरोबर असते!

पाणी वाढलेलं दिसतं आयर्विनला. पण ते सुटलेलं असतं कोयनेतून आणि कराडच्या संगमावरून खाली आलेलं असतं. सांगलीत उभं राहून किती निरखलं तरी दरवाजे किती उघडलेत ते दिसणार नाही. वर बघायला लागतं.

सगळ्यात साधं उदाहरण सेमीकोलनचं. बाराव्या ओळीच्या शेवटी तो राहिला. पीएचपीला ओळ संपल्याचं कळत नाही, ती पुढं वाचत जाते आणि तेराव्या ओळीच्या पहिल्याच शब्दाला अडखळते. मेसेज येतो 'सिंटॅक्स एरर, अनएक्स्पेक्टेड व्हेरिएबल, ऑन लाइन १३'. अनएक्स्पेक्टेड म्हणजे, "हा इथं कसा आला?" तो बरोबरच आलाय, त्याच्या आधीच्यानं दार लावलं नाही. म्हणून पार्स एररमध्ये सांगितलेली ओळ आणि तिच्या आधीची कोड असलेली ओळ, अशा दोन्ही बघायच्या. मधे कोऱ्या ओळी किंवा कॉमेंट असतील तर त्या ओलांडून वर जायचं.

महिरपी कंस मिटवायचा राहिला तर पाणी आणखी लांबून येतं. चूक विसाव्या ओळीवर, मेसेज फाइलच्या शेवटच्या ओळीवर, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ फाइल'. पीएचपी ८ पासून 'अनक्लोज्ड {' म्हणून उघडा राहिलेला कंस कुठल्या ओळीवरचा तेही बऱ्याचदा सांगतात, ही मोठी सोय झाली. तरी ओळी आत सरकवून नीट मांडायची सवय लावा. सगळा कोड डाव्या कडेला चिकटवणाऱ्याचा कंस मीसुद्धा शोधू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायची इच्छाही होत नाही.

तिसरं उदाहरण डेटाबेसचं. 'कॉल टू अ मेंबर फंक्शन फेच-असोक ऑन बूल.' हा मेसेज पाठवून पोरं विचारतात, सर, फेच-असोक कसं लिहायचं? फेच-असोक बरोबरच आहे. त्याच्या दोन ओळी वर जी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवली ती फसली, तिनं निकालाऐवजी 'फॉल्स' परत दिलं, आणि तुम्ही त्या फॉल्सकडं ओळी मागायला गेलात. रिकाम्या पोत्यातून हळद काढायचा प्रकार. क्वेरी का फसली, ते कनेक्शनच्या 'एरर' गुणधर्मात लिहिलेलं असतं, ते छापून बघा. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय (मायएसक्यूएल डेटाबेसला जोडणारा पीएचपीचा भाग) स्वतःहून क्वेरीच्याच ओळीवर थांबते आणि कारण सांगते, त्यामुळं नव्या व्हर्जनवर हा मेसेज फारसा दिसत नाही. पण जुन्या व्हर्जनवरची होस्टिंगं अजून भरपूर आहेत.

जाता जाता एक गंमत. जुन्या पीएचपीत दोन कोलनची चूक झाली की 'पामायिम नेकुदोतायिम' असं काहीतरी अगम्य यायचं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा व्हायरस आला असं वाटलं होतं. ती हिब्रू भाषा आहे, अर्थ 'दोनदा कोलन'. पीएचपीचं इंजिन नव्यानं लिहिणारे दोघं इस्रायलचे होते, त्यांनी आपल्या भाषेतलं नाव ठेवलं आणि ते तसंच राहिलं.

मेसेज तोच, दुखणं वेगळं

तासगावच्या एका मुलीचं हे. सरावाला हळदीच्या आवकेची नोंद करायचा फॉर्म दिला होता. शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर. सबमिट केल्यावर आलं, 'वॉर्निंग: अनडिफाइंड ॲरे की पोती, ऑन लाइन ९'.

नवव्या ओळीवर ती पोस्टच्या ॲरेतून, म्हणजे फॉर्ममधून आलेल्या माहितीच्या यादीतून, 'पोती' काढत होती. ओळ बरोबर. म्हणजे पोस्टमध्ये 'पोती' आलंच नाही. वर जायचं म्हणजे इथं फॉर्मकडं जायचं. तिनं इनपुटला आयडी दिला होता, नेम दिलं नव्हतं. ब्राउझर फॉर्म पाठवताना फक्त नेम बघतो, आयडीचं त्याला काही नसतं. नेम टाकलं, चाललं. दोन मिनिटांचं काम.

आठवड्यानं तिचाच फोन. "सर, परत तीच एरर. पण नेम तर सगळ्याला दिलंय ओ. तासभर बघायलोय." फोटोत चार वॉर्निंग ओळीनं उभ्या. नाव नाही, पोती नाही, वजन नाही, दर नाही. एक-दोन नाही, सगळीच गायब. एखादं नेम चुकलं तर एकच 'की' (ॲरेतलं नाव) जाईल. चारही गेल्या म्हणजे अख्खी पोस्टच रिकामी आली.

मी विचारलं, "मधे काय नवीन घातलंस?"

"फोटो टाकायची सोय केली. काट्याची पावती, पोत्याचा फोटो, असे तीन."

"फोटोच्या वर स्क्रीनवर काही लिहिलंय का? स्क्रोल कर."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "हां, एक आहे वर. पण ते आपलं नाही वाटतं. लाइन शून्य लिहिलंय, आणि फाइल अननोन. मला वाटलं ते असंच आलंय."

ते असं होतं: 'पीएचपी रिक्वेस्ट स्टार्टअप: पोस्ट कंटेंट-लेंग्थ ऑफ ११२४३०१८ बाइट्स एक्सीड्स द लिमिट ऑफ ८३८८६०८ बाइट्स, इन अननोन ऑन लाइन ०'.

ओळ शून्य ही चेष्टा नाही. तुमची पहिली ओळ चालायच्या आधीच घडलेली गोष्ट आहे ती, म्हणून तिला फाइल नाही आणि ओळही नाही. ८३८८६०८ म्हणजे बरोबर ८ एमबी, 'पोस्ट मॅक्स साइज'ची ठरलेली मर्यादा. हल्लीच्या मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबीचा, तीन फोटो म्हणजे साडेदहाच्या वर. मर्यादा ओलांडली की पीएचपी फोटो तेवढे टाकून देऊन बाकीचं ठेवत नाही. पोस्ट आणि फाइल्स दोन्ही ॲरे पूर्ण रिकामे करून देते. मग तुमच्या नवव्या ओळीला पोती कुठून मिळणार? खालच्या चारही वॉर्निंग त्या वरच्या एकीची पोरं होती.

आयएनआयमध्ये 'पोस्ट मॅक्स साइज' २० एमबी केली, आणि 'अपलोड मॅक्स फाइलसाइज' ६ एमबी. ही दुसरी मर्यादा एकेका फाइलची, मुळात फक्त २ एमबी असते. तिच्यापेक्षा मोठी पण ८ च्या आतली फाइल पाठवली तर कसलीच वॉर्निंग येत नाही. फाइल्सच्या ॲरेत त्या फोटोचा एरर क्रमांक १ होतो, तेवढंच. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे मोठी, ४ म्हणजे कुणी फाइल निवडलीच नाही. हा क्रमांक तपासल्याशिवाय फोटो जतन करायचा कोड लिहू नका. आणि फाइल्सचा ॲरे रिकामा पण पोस्ट भरलेली, असं दिसलं तर फॉर्मवर एन्क्टाइप (फाइली पाठवायची सूचना) लिहायचं राहिलंय.

तेव्हापासून मी वर्गात एक गोष्ट ओरडून सांगतो. पाच मेसेज आले तर सगळ्यात वरचा आधी वाचा, तो मिटवा, पान परत उघडा. खालचे बरेचसे त्याच्याबरोबर जातात. पोरं नेमकं उलटं करतात, कारण स्क्रीनवर डोळा शेवटच्या ओळीवर थांबतो.

हेडर्स ऑलरेडी सेंट

लॉगिननंतर दुसऱ्या पानावर पाठवायचं असतं तेव्हा हे येतं. हेडर म्हणजे पाकिटावरचा पत्ता, आधी जायला हवा. तुम्ही आतलं पत्र आधीच टपालात टाकलंत. या मेसेजमध्ये दोन जागा लिहिलेल्या असतात. कामाची आहे ती 'आउटपुट स्टार्टेड ॲट' पुढची. तिथं एखादा एको (पानावर छापायचा आदेश) असेल, नाहीतर <? च्या आधी सुटलेली कोरी ओळ, नाहीतर इन्क्लूड केलेल्या फाइलच्या शेवटी ?> नंतरची स्पेस किंवा एकापेक्षा जास्त एंटर. नुसत्या पीएचपीच्या फाइलमध्ये शेवटचं ?> लिहूच नका, चालतं.

तिथं पहिली ओळ दाखवतेय आणि तिच्या आधी काहीच दिसत नाही? मग बीओएम. फाइलच्या सुरुवातीला तीन बाइट लपून बसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, सर्व्हर मात्र ते पाठवून मोकळा होतो. एडिटरमध्ये 'यूटीएफ-८, बीओएमशिवाय' निवडून परत सेव्ह करा.

डेटाबेसचे आकडे

यांची भीती वाटायचं कारण नाही, चार-पाचच पाठ होतात. २००२ म्हणजे डेटाबेसचा सर्व्हरच भेटला नाही, झॅम्पमध्ये मायएसक्यूएलसमोर स्टार्ट दाबलंय का बघा. १०४५ म्हणजे सर्व्हर भेटला पण युजर किंवा पासवर्ड चुकला. शेवटी 'यूझिंग पासवर्ड: नो' लिहिलं असेल तर पासवर्ड कोराच गेलाय. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेस नाही, आणि होस्टिंगवर डेटाबेसच्या नावापुढं तुमच्या अकाउंटचं नाव जोडलेलं असतं हे पोरं हमखास विसरतात. ११४६ म्हणजे टेबल नाही, १०५४ म्हणजे कॉलम नाही.

१०६४ ला जरा थांबा. 'यू हॅव ॲन एरर इन युवर एसक्यूएल सिंटॅक्स... नियर' आणि पुढं तुमच्याच क्वेरीचा तुकडा. तो तुकडा जिथून सुरू होतो तिथं मायएसक्यूएल अडली. म्हणजे चूक तिथं किंवा त्याच्या जरा आधी, परत तेच कोयनेचं. सगळं काल चालत होतं आणि आज एकाच शेतकऱ्याच्या नोंदीला हे आलं, तर त्या नोंदीच्या मजकुरात ' चिन्ह शोधा. पत्त्यात कुणीतरी 'ए' विंग असं कोट घालून लिहिलेलं असतं, आणि तुमच्या क्वेरीचा कोट तिथंच मिटतो. ते चिन्ह पुसून पुढं जाऊ नका. क्वेरीत थेट व्हेरिएबल जोडण्याऐवजी प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी आणि माहिती वेगवेगळी पाठवायची पद्धत) वापरा. आज चुकून कोट आलाय, उद्या कुणी मुद्दाम घालून सगळं टेबल वाचून नेईल.

एरर येतच नाही, पण चुकलंय

हळद लिहिली, सेव्ह केली, पानावर आलं ????. कनेक्शनला किंवा टेबलला लॅटिन१, म्हणजे रोमन लिपीपुरता अक्षरसंच, लावलेलं असणार. क्वेरीच्या आधी कनेक्शनचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करा, टेबलचाही तोच ठेवा. वाईट बातमी अशी की डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं जतन झाली असतील तर मूळ अक्षरं गेली, परत भरावी लागतात. त्याऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए परत परत दिसत असेल तर जीवात जीव आणा. बाइट्स बहुधा शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जातायत.

वेळेचं दुखणं तर आणखी मजेशीर. झॅम्पच्या आयएनआयमध्ये टाइमझोन युरोप/बर्लिन लिहून येतो. त्यामुळं नोंदीची वेळ उन्हाळ्यात साडेतीन तास मागं पडते आणि थंडीत साडेचार. एकानं मला शपथेवर सांगितलं होतं की एप्रिलमध्ये साडेतीन तास मिळवले की बरोबर येत होतं, डिसेंबरात बिघडलं! एशिया/कोलकाता लिहा आणि बेरीज-वजाबाकी काढून टाका.

"माझ्याकडं तर चालतंय"

आपल्या लॅपटॉपवर चालतं, होस्टिंगवर टाकलं की 'फेल्ड टू ओपन स्ट्रीम: नो सच फाइल'. फाइल तर समोर दिसतेय. नाव नीट बघा, एकीकडं कॅपिटल सी, दुसरीकडं स्मॉल. विंडोजला दोन्ही सारखीच, लिनक्सला ती दोन वेगळी माणसं. टेबलच्या नावांनाही हेच लागू, म्हणून होस्टिंगवर गेल्यावर ११४६ येतो. मी सगळी नावं स्मॉलमध्ये ठेवतो आणि विषय संपवतो. इन्क्लूडनं घेतलेली फाइल सापडली नाही तर नुसती वॉर्निंग येऊन पान अर्धवट उघडतं. रिक्वायर वापरलं तर तिथंच थांबतं. कनेक्शनच्या फाइलला रिक्वायरच वापरा, अर्धवट उघडलेल्या पानापेक्षा थांबलेलं बरं.

मला विचारताना

आधी मेसेज कॉपी करून शोधा. त्यातलं आपल्या फोल्डरचं नाव आणि आपल्या व्हेरिएबलचं नाव काढून टाका, नाहीतर जगात दुसऱ्या कुणालाच ती एरर आलेली नसते. तरी नाही सुटलं तर पाठवा. अक्षरांत, कॉपी-पेस्ट करून, पूर्ण मेसेज. ज्या ओळीचा नंबर आलाय तिच्या आसपासच्या दहा-पंधरा ओळी. पीएचपीचं व्हर्जन. आणि शेवटचं चाललं त्यानंतर काय बदललं ते. "काहीच बदललं नाही सर" हे उत्तर मी आजवर कधी खरं निघालेलं बघितलेलं नाही. पासवर्ड असलेली ओळ पाठवू नका, हेही सांगावं लागतं.

आणि फोटोच काढायचा असेल, तर ट्यूबलाइट बंद करा, फोन सरळ धरा, वरपर्यंत स्क्रोल करा, आणि सगळ्यात वरची ओळ फोटोत आलीय का ते बघून मगच पाठवा.